सात वितींचं कुंपण आणि चौतीस दगड

माननीय मेहुणे उसईद यांस,

बस्सूचा सलाम घ्यावा. तो आधी बाबांना द्यावा, मग आईंना, मग तुमच्या तांबड्या गाईला (मागच्या खेपेस तिने माझ्या तळहातावरचं मीठ खाल्लं होतं, आणि खाल्ल्या मिठाची आठवण माणसांपेक्षा गाईला जास्त असते), आणि त्यातून काही उरला तर तो तुम्ही ठेवून घ्यावा. आईंचा डावा गुडघा कसा आहे? डावाच विचारतो, कारण उजव्याबद्दल त्यांनी तक्रार केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. बाबांचा खोकला आता उतरला असेल. खिंडीतलं बर्फ उतरलं की तोही उतरतो, हे मी सलग सहा वर्षं पाहून ठेवलं आहे. तुमच्या घरी सध्या आणखी जे कुणी मुक्कामाला असतील त्यांनाही, त्यांची हरकत नसल्यास, सलाम. इकडे सगळं उत्तम आहे. मी उत्तम आहे. घर उत्तम आहे. चुलीचा धूर हल्ली घरातच राहतो, पण तो वाऱ्याचा दोष आहे. भाकरी एका अंगाने करपते आणि दुसऱ्या अंगाने कच्ची राहते, म्हणजे सरासरी काढली तर चांगली भाजली जाते.

पत्र लिहिण्याचं कारण एकच, आणि ते म्हणजे कुत्रा. माझा बर्कान नावाचा कुत्रा बरोबर तीन महिने अकरा दिवसांपासून तुमच्या अंगणात बसून तुमची भाकरी खातो आहे. बर्कान म्हणजे काळा, आणि कुत्रा तर दह्यासारखा पांढरा. हे नाव तुमच्या बहिणीने, तूदाने ठेवलं, दृष्ट लागू नये म्हणून. मी तेव्हाच हरकत घेतली होती की दृष्ट लावणाऱ्याला डोळे असतात, त्याला रंग दिसतो. पण ते असो. मुद्दा मालकीचा आहे. हे पिल्लू मी अझरूच्या बाजारातून बंडीत घालून आणलं. त्यानंतर जिचं कोकरू मेलं होतं अशा मेंढीच्या आचळाला त्याला लावलं तूदाने, पंधरा दिवस मेंढीचे पाय धरून बसली तूदा, आणि त्यामुळे आपण दात असलेली मेंढी आहोत असा त्या कुत्र्याचा जो पक्का समज झाला तोही तूदामुळेच, हे मी नाकारत नाही. मी खरं ते नाकारणारा माणूस नाही. फक्त बंडी माझी होती, एवढंच माझं म्हणणं.

आता तो तिकडे का गेला, हे तुम्ही ऐकलंच असेल, पण ऐकीव गोष्टीत मापं चुकतात, म्हणून नीट लिहितो. मागल्या वसंतात आमचं एकही कोकरू कोल्ह्याने नेलं नाही. चौतीस मेंढ्या व्यायल्या, दोन जुळी, छत्तीस कोकरं, आणि छत्तीसच्या छत्तीस पायांवर चालत चराईला गेली. आमच्या डोंगरात असं आजवर झालेलं नाही. शेजारच्या हद्दूची सात गेली, पलीकडच्या वस्तीवर तर मोजणंच सोडून दिलं होतं. मग हिवाळ्याच्या तोंडाला हद्दूच्या मुलीचं लग्न झालं, तंबूत पुरुष मंडळी बसली होती, आणि कुणीतरी विचारलं की बस्सू, तू केलंस तरी काय? आता विचारलं तर माणसाने सांगू नये का? मी सांगितलं. मेंढ्यांच्या वाडग्याचं कुंपण काटेरी बोरीचं, सात विती उंच, खाली दीड वीत पुरलेलं, फांद्यांचे बुंधे आत आणि काटे बाहेर. (सहा विती असेल तर कोल्हा उडी मारतो, आठ विती असेल तर वाऱ्याने आडवं होतं. हे मी शाळेत न जाता काढलं आहे.) मापाची काठी मी योगायोगाने बरोबर नेली होती, ती सगळ्यांच्या हातातून फिरवली. मी म्हणालो की ही छत्तीस कोकरं या काठीने वाचवली. साधारण अर्धा तास बोललो असेन. लोक पाऊण तास म्हणतात.

मधल्या कापडाच्या पडद्यापलीकडे बायका बसल्या होत्या, आणि त्यांत तूदा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाढवावर दोन बोचकी बांधली आणि दारातून एवढंच म्हणाली, “आता भाकरी कुंपणालाच भाजायला सांगा.” आणि निघाली. कुत्रा उठला, त्याने माझ्याकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं, आणि तिच्या मागे चालू लागला. मला वाटलं, आठ दिवसांत दोघं परत येतील. माझ्या अंदाजात चूक सहसा होत नाही.

रुसून माहेरी गेलेल्या बायकोला आणायला आपल्यात नवऱ्याने स्वतः जायचं असतं, निळ्या कागदातली साखरेची ढेप छातीशी धरून, आणि सासऱ्याच्या अंगणात चार माणसांसमोर ऐकून घ्यायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पहिला महिना मी गेलो नाही, कारण माझं काही चुकलं होतं असं मला वाटत नव्हतं. दुसरा महिना गेलो नाही, कारण पहिला महिना गेलो नव्हतो. तिसऱ्या महिन्यात मी ढेप विकत आणली, कोनाड्यात ठेवली, आणि ज्या सकाळी निघणार त्याच सकाळी पहिली मेंढी व्यायली. आता माझी पंचाईत बघा. तिकडे जायला दीड दिवस, यायला दीड, मध्ये बाबा बोलणार तो एक दिवस (आणि त्यांनी एकाच दिवसात आटोपलं तर). चार दिवस ओल्या कोकरांना कुणाच्या भरवशावर टाकू? कुत्रा असता तर गेलो असतो. पण कुत्रा आणायला जायचं तर मागे राखणीला कुत्रा नव्हता. मी हे कागदावर मांडूनही पाहिलं, ते सुटत नाही.

त्यात कोल्हे आले. मागल्या वर्षी ज्यांनी तोंड दाखवलं नाही ते यंदा पहिल्या कोकराच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी उतारावर येऊन बसले. दोन. लपणं नाही, छपणं नाही, पंगत बसायची वाट पाहावी तसे. त्या आठवड्यात एक कोकरू गेलं. कुंपणाखालची दीड वीत त्यांनी उकरली. मी अडीच केली. दुसरं गेलं. मग मी कुंपण नऊ वितींचं केलं (वाऱ्याची गोष्ट मला माहीत होती, पण राग आला की माणूस मापात राहत नाही), आणि आतून दार इतकं घट्ट विणलं की विणून झाल्यावर लक्षात आलं, मी आत आहे. दुपार होऊन गेल्यावर हद्दू तिकडून चालला होता, त्याला हाक मारावी लागली. तो विळा आणायला गेला तो आधी घरी जाऊन बायकोमुलांना बघायला घेऊन आला.

हद्दू म्हणाला, “बस्सू, कोल्ह्याला आत येता येत नाही हे तर कळलं. पण तुला बाहेर का यायचंय? तिथे तुझ्या जोडीच्या छत्तीस मेंढ्या आहेत की.”

मी त्याच्या हातून विळा घेऊन दार कापलं. आणि बाहेर येऊन त्याचं गाढव मागून घेतलं, कारण गाढव कोल्ह्याला लाथेने लोळवतं असं मी कुठेतरी वाचलं होतं. (मी कुठून वाचायला शिकलो हे तुम्हाला माहीत आहे. वडील साखर आणायचे, त्या ढेपांवरचे निळे कागद मी मांडीवर पसरून एकेक अक्षर ओळखलं. गुरुजी नव्हते, फळा नव्हता. त्यामुळे माझं अक्षर आजही जरा गोडसर वळणाचं आहे, असं तूदा म्हणायची.) गाढवाने कोल्ह्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण नुकत्याच जन्मलेल्या एका कोकरावर त्याचा असा जीव जडला की ते त्याच्या खऱ्या आईला जवळ येऊ देईना. ती बें-बें करते, हे ओरडतं, कोकरू उपाशी. मी मध्ये पडलो. गाढव कोल्ह्याला कसं लोळवत असेल याचा मला आता चांगला अंदाज आहे, डाव्या मांडीवर. मी हद्दूला ते परत दिलं तेव्हा तो म्हणाला, “एवढ्यात? निदान बायको गेली तसं तेही रुसून गेलं म्हणून सांगायचंस!” पुढे रेडिओ लावून पाहिला, माणसांचा आवाज असला की कोल्हा बिचकतो म्हणून. दोन दिवस बिचकला. तिसऱ्या दिवशी हवामानाच्या बातम्या चालू असताना येऊन तिसरं कोकरू घेऊन गेला, आणि बातम्यांत म्हणे आकाश निरभ्र.

मग मी बुजगावणं केलं. हे लिहायचं की नाही असं मनात होतं, पण हद्दूमुळे तुमच्या कानावर येईलच, आणि आलं की चुकीच्या मापाने येईल. मला वाटलं, कोल्हे मागल्या वर्षी नक्की कुणाला भीत होते? एक तर कुत्र्याला, नाहीतर तूदाला. कुत्रा करता येत नाही. म्हणून दोन काठ्या आडव्याउभ्या बांधल्या, डोक्याच्या जागी मडकं, आणि वर तिची जुनी हंदीरा पांघरली, ती पट्ट्यापट्ट्यांची लोकरी शाल, जी तिने लग्नाच्या साली विणली आणि जाताना खुंटीवर तशीच ठेवून गेली. (विसरली असेल. ती काही विसरत नाही, पण असेल.) गाठ तिच्यासारखी उजव्या खांद्याकडे घेतली. उंची मला पाठ होती. कोल्हे चार दिवस फिरकले नाहीत. पण मी सांगतोय ते वेगळंच. मेंढ्या, मेहुणे, मेंढ्या चरायचं सोडून त्या काठीभोवती गोळा झाल्या. लोकरीला वास राहतो. तपकिरी तोंडाची, तूदा जिला आपली म्हणते ती मेंढी, दिवे लागायच्या वेळेपर्यंत हंदीरेच्या टोकाला नाक लावून उभी राहिली आणि हाकलली तरी हलेना. आणि पाचव्या दिवशी मी ओढ्यावरून पाण्याचे डबे घेऊन चढण चढत होतो, दम लागला होता, मान खाली होती, वर पाहिलं तर ती उतारावर उभी. मी म्हणालो, “चहा टाकलास का?”

हे हद्दूने ऐकलं. तो कुंपणापलीकडेच होता. मला वाटलं आता वर्षभराची सोय झाली याची. पण त्याने माझ्या हातातला एक डबा घेऊन मुकाट्याने घरापर्यंत पोचवला. हद्दू गप्प राहिला म्हणजे माझी अवस्था कशी असेल याचा अंदाज तुम्ही करा. मी त्याच संध्याकाळी हंदीरा काढून घडी करून ठेवली. दुसऱ्या सकाळी चौथं कोकरू गेलं.

मग इज्झामावशी आली. ती आमच्या वरच्या अंगाला एकटी राहते, तोंडात तीन दात आहेत आणि तिन्ही माझ्यावर. वाडग्याजवळ नाक वर करून उभी राहिली आणि म्हणाली, “काय रे मुलखाच्या शहाण्या, मेंढी व्यायली की जार कुठे टाकतोस?”

मी म्हटलं, “कोकरामागून जार पडतो तिथेच. कुंपणाबाहेर फेकतो फार तर.”

“वा! म्हणजे कोल्ह्याला जेवायला बोलावतोस आणि मग तो आला म्हणून ओरडतोस. तुझी बायको काय करायची ते कधी पाहिलंस का? की काठीच मोजत होतास?”

“काय करायची?”

“जा, ओढ्यापलीकडे जाऊन बघ. मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तू म्हणशील मला ठाऊकच होतं.”

मी गेलो. ओढ्यापलीकडे, वारा वस्तीकडून दूर वाहतो त्या अंगाला, उंबराच्या जुन्या खोडामागे एक सपाटी आहे. तिथे मी आयुष्यात गेलो नव्हतो, कारण तिथे गवत नाही. तिथे दगड मांडलेले होते. भाकरीएवढे चपटे दगड, दहा-दहाच्या ओळी. मी एक उचलला. खाली खणून भरलेली जागा, दोन हात खोल. प्रत्येक मेंढी व्यायली की तिने जार उचलून, पाण्यातून ओढा ओलांडून, इथे आणून पुरला होता आणि कोल्ह्याने उकरू नये म्हणून वर दगड ठेवला होता. वास वाडग्यापर्यंत राहूच दिला नव्हता. मला वाटायचं ती सकाळी पाणी आणायला एवढा वेळ का लावते. एकदा त्यावरून बोललोही होतो.

मी दगड मोजले. दहा, दहा, दहा आणि चार. मग पुन्हा मोजले, कारण मी दोनदा मोजतो. चौतीस. मागल्या वसंतात चौतीस मेंढ्या व्यायल्या होत्या. विती लावून पाहिल्या तर दोन दगडांमधलं अंतर सगळीकडे एकच, सव्वा वीत. काठी नाही, दोरी नाही, नुसत्या नजरेने. मेहुणे, एवढं सरळ काम माझ्या हातून कधी झालेलं नाही, आणि हे मी म्हणतो आहे. मी तिथे बराच वेळ बसलो. वारा चांगला होता.

तेव्हापासून जार मीच पुरतो. सहा दिवस झाले, कोल्हे आले नाहीत. आज सकाळी दोघे उतारावर दिसले, थोडा वेळ बसले, काही हाती लागणार नाही असं पाहून निघून गेले. एकोणीस मेंढ्या व्यायल्या, वीस कोकरं झाली, चार गेली, सोळा आहेत. तपकिरी तोंडाची अजून व्यायची आहे. ती दिवसभर खिंडीकडे तोंड करून उभी असते. मीही त्याच बाजूला तोंड करून उभा असतो, पण ते ढगांचा अंदाज घ्यायला. मी तिच्या दगडांशेजारीच नवी ओळ धरली आहे. पण माझी ओळ वाकडी जाते. दोरी लावूनही जाते.

तंबूत जे बोललो ते त्याच माणसांसमोर परत घ्यायला हवं होतं, पण मेंढ्या सोडून बाजाराला जाता येईना. म्हणून मागल्या बुधवारी ते सगळं हद्दूला सांगितलं: कुंपणाने काही केलेलं नाही, जे केलं ते माझ्या बायकोने केलं आणि मला पत्ता नव्हता. गुरुवारी दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं होतं. इज्झामावशी सांगते की हद्दूने मापाच्या काठीची नक्कलही केली. करू दे.

तर असं सगळं उत्तम चाललं आहे. आईंना गुडघ्यावर कोमट तेल चोळायला सांगावं. पत्र कल्हईवाल्याच्या हाती देतो आहे, तो खिंड ओलांडून तुमच्याकडेच चालला आहे. त्याला चहा द्यावा, पण गोष्टी विचारू नयेत, तो रंगवून सांगतो.

आपला,
बस्सू

ता. क. हे पत्र तुम्ही मनात वाचलं असेल तर ते चुकलं. पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचावं, चुलीच्या बाजूला तोंड करून. दगडांचा भाग सावकाश वाचावा. चौतीस हा आकडा नीट ऐकू गेला पाहिजे.

दुसरा ता. क. कुत्र्याबद्दल वर जे लिहिलं आहे ते रद्द समजावं. जार पुरायला लागल्यापासून कुत्र्याची तशी गरज उरलेली नाही. मालकीचा वादही मी सोडला. बंडी तेवढी माझी होती.

तिसरा ता. क. मेंढ्या सोडून येता येत नाही, हा हिशेब सुटत नव्हता तो आज पहाटे सुटला. मेंढ्या घेऊनच येतो. उद्या निघतो. छत्तीस मेंढ्या, एक मेंढा, सोळा कोकरं (त्यांतली आठ लहान आहेत, ती खेचराच्या दोन्ही बाजूंच्या टोपल्यांत चार-चार बसतात, वजन करून पाहिलं). वाटेत ज्या व्यायतील त्यांचा जार वाटेत पुरेन, कुदळ घेतली आहे. येत्या शुक्रवारी दुपारपर्यंत पोचेन. बाबांना मला जे काही बोलायचं असेल ते त्यांनी अंगणात बोलू नये, अंगणात जागा राहणार नाही. गच्चीवरून बोलावं. मी खाली उभा राहीन. तुमच्या कोबीवर मात्र काहीतरी झाकून ठेवावं.

आणखी एक. पत्राचा कागद निळा आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. घरात दुसरा नव्हता, म्हणून ढेपेचाच सोडवून, तळहाताने सपाट करून मागच्या बाजूला लिहिलं. म्हणजे ढेप सध्या उघडी आहे, आणि उघडी ढेप सासऱ्यासमोर कशी धरायची? तेव्हा वाचून झालं की फाडू नये, चुलीत घालू नये. घडी करून जपून ठेवावं. मी आलो की दारातच द्यावं, गुंडाळतो आणि मग आत येतो.

शेवटचं. शुक्रवारी कुत्र्याला बांधू नका. वारा तुमच्याकडे असेल, आम्ही खिंडीत असतानाच त्याला मेंढ्यांचा वास लागेल आणि तो धावत सुटेल. त्याला सुटू द्या. त्याच्या मागोमाग कुणाला खिंडीपर्यंत चालत यावंसं वाटलं, तर वारा थंड असतो. हंदीरा मी घेऊन येतो आहे. धुतलेली नाही.